डायनोवर आठ महिने: आकडा गाडीचा की तापमापकाचा?

दुसऱ्या डायनो चाचणीच्या, म्हणजे गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरच्या चाचणीच्या, कागदावर सर्वांत वर ठळक अक्षरांत २२८ अश्वशक्ती छापलेली होती आणि त्याच कागदाच्या तळाशी, डोळ्यांजवळ धरल्याशिवाय वाचता येणार नाही एवढ्या बारीक अक्षरांत, हवेचे तापमान ४६ अंश सेल्सिअस नोंदवलेले होते. वरचा आकडा मी त्याच दिवशी वाचला आणि खूश होऊन घरी आलो. खालचा आकडा तीन आठवड्यांनी, कागद फाइलला लावताना नजरेस पडला. चाचणी चालू असताना मी स्वतः त्या शेडमध्ये दीड तास उभा होतो. हवा बेताची उबदार होती, ४६ अंशांची मुळीच नव्हती. माझा पुढचा सगळा मनस्ताप या एका नोंदीतून सुरू झाला, म्हणून आठ महिन्यांच्या या अनुभवात तिला सर्वांत जास्त जागा देत आहे.

गाडी होंडा एस २०००, पहिल्या पिढीतली, दोन लिटर इंजिनाची. तिच्याविषयी वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. बाजारानुसार २४० किंवा २५० अश्वशक्तीचा दावा आणि नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढणारे, टर्बो नसलेले इंजिन, एवढी आठवण पुरे. तिला इनटेक (हवा आत घेणारा मार्ग), हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि मोकळा एक्झॉस्ट बसवून ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग करायचे ठरवले, तेव्हा आधीची आणि नंतरची मोजणी एकाच डायनोवर घ्यायची, हेही ठरवले होते. प्रत्येक रनचे, म्हणजे डायनोवरच्या एका धावेचे, पैसे वेगळे मोजावे लागतात आणि मी पैसे मोजून घेतलेल्या गोष्टीचा हिशेब ठेवणारा माणूस आहे. सुटे भाग बसवण्यापूर्वीच्या पहिल्या चाचणीत चाकांवर २०५ अश्वशक्ती मिळाली. त्या दिवशी शेडमध्ये २४ अंश तापमान होते आणि करेक्शन फॅक्टर (हवेनुसार आकडा दुरुस्त करणारा गुणक) जवळजवळ बरोबर १ होता, त्यामुळे मोजलेला आकडा आणि छापलेला आकडा यांत फरकच नव्हता. या योगायोगामुळे करेक्शन म्हणजे काय, याकडे माझे लक्षच गेले नाही.

हा डायनो जडत्वाच्या तत्त्वावर चालतो. गाडीची मागची चाके एका जड रोलरवर ठेवतात. रोलरचे जडत्व आधीच ठाऊक असते आणि तो किती झपाट्याने वेग घेतो, यावरून चाकांवरची शक्ती काढली जाते. इथपर्यंत मोजणी सरळ आहे. पण थंड आणि दाट हवेत इंजिनाला जास्त प्राणवायू मिळतो आणि गरम, विरळ हवेत कमी, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे आकडे एका पातळीवर आणण्यासाठी मोजलेल्या शक्तीला एका गुणकाने गुणतात. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या जे१३४९ या मानकात २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब हा पाया धरलेला आहे. हवा याहून गरम असेल, तर इंजिनावर अन्याय झाला असे मानून आकडा वाढवून दिला जातो. यात गैर काहीच नाही. मात्र हवा किती गरम आहे, हे सांगणारा तापमापक खरे बोलत असला पाहिजे.

आमचा तापमापक खरे बोलत नव्हता. आठवण म्हणून मी दुसऱ्या चाचणीच्या वेळी मोबाइलवर चित्रण केले होते. ते थांबवत थांबवत पाहिले, तेव्हा दिसले की तापमापकाची बारीक काळी वायर बॉनेटच्या कडेवरून आत उतरली आहे आणि तिचे टोक इनटेकच्या तोंडापाशी नसून रेडिएटरच्या मागे, हेडरच्या बाजूला लोंबकळत आहे. समोरचा मोठा पंखा रेडिएटरमधून जी तापलेली हवा मागे ढकलत होता, नेमकी तीच हवा त्या टोकावर येत होती. ट्यूनिंगच्या लॅपटॉपवर गाडीच्या स्वतःच्या सेन्सरची नोंदही शिल्लक होती. इंजिन प्रत्यक्षात आत घेत असलेली हवा त्याच रनमध्ये सुमारे ३१ अंशांची होती आणि भिंतीवरच्या साध्या तापमापकावर, चित्रणात दिसते त्याप्रमाणे, २९ अंश होते.

मग मी घरी बसून सूत्रात आकडे घातले. प्रत्यक्ष मोजलेली शक्ती २१८ होती. कोरड्या हवेचा दाब ९८५ मिलिबार आणि तापमान ४६ अंश धरले, तर गुणक १.०४७ येतो आणि उत्तर २२८ मिळते. तापमान २९ अंश धरले, तर गुणक १.०१४ येतो आणि उत्तर २२१ मिळते. म्हणजे भागांमुळे आणि ट्यूनिंगमुळे झालेली खरी वाढ १६ अश्वशक्तीची आहे आणि उरलेली सात अश्वशक्ती एका वायरच्या टोकाने मला दिली आहे. सोळा अश्वशक्तीची वाढ या इंजिनासाठी चांगलीच आहे आणि तेवढ्यावर मी पूर्ण समाधानी राहिलो असतो. तेवीस सांगून सोळा द्यावेत, हे मात्र मला सहन झाले नाही.

हे सगळे घेऊन मी त्या डायनो केंद्रात गेलो. तिथल्या तंत्रज्ञाने आधी सांगितले की सगळ्यांच्याच गाड्या अशाच मोजल्या जातात, त्यामुळे तुलना बिघडत नाही. मी त्याला विचारले की पहिल्या चाचणीत हेच टोक जर इनटेकपाशी होते, तर माझ्याच दोन कागदांची तुलना कशी टिकेल? त्यावर त्याने नव्या रनसाठी नवे पैसे लागतील, असे सांगितले. इथे माझा आवाज चढला, हे मान्य करतो. डायनोच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ नोंद जशीच्या तशी जपलेली असते. तापमान बदलून तोच रन पुन्हा छापायला ना गाडी लागते, ना पेट्रोल. शेवटी त्याने फाइल उघडली, तापमान दुरुस्त केले आणि २२१ चा कागद माझ्या हातात दिला. त्याच खिडकीत एका टिचकीसरशी जे१३४९ ऐवजी जुने जे६०७ मानक निवडता येते, हेही तेव्हाच मला दिसले. त्या मानकात पाया सुमारे १५.६ अंशांचा आहे आणि आकडे चारेक टक्क्यांनी फुगतात. गाडी तीच, रन तोच, आणि कागदावर आठ-नऊ अश्वशक्ती जास्त. आपल्या कागदावर कोणते मानक लिहिले आहे, ते प्रत्येकाने आजच पाहावे.

पुढचा महिनाभर माझे मत असे होते की डायनो म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली प्रशस्ती आहे. त्या रागात मी दुसऱ्या एका केंद्रात गेलो, जिथे रोलरला विद्युतचुंबकीय ब्रेक जोडलेला आहे. तिथे २०९ आली. आधी धक्का बसला, पण शांतपणे विचार केल्यावर तो प्रयत्नच निरर्थक ठरला, कारण या दुसऱ्या यंत्रावर बदलांपूर्वीची मोजणी मी कधी केलेलीच नव्हती. यंत्र वेगळे, भार देण्याची पद्धत वेगळी, तर आकडाही वेगळा येणार. त्याच यंत्रावरच्या जुन्या आकड्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. ते पैसे वाया गेले आणि त्याचा दोष कुणालाही देता येत नाही.

पहिल्या केंद्राविषयी आणखी एक तक्रार आहे. इंजिनाची १५ टक्के शक्ती चाकांपर्यंत पोहोचताना वाटेत खर्च होते, असे गृहीत धरून ते 'इंजिनाची शक्ती' म्हणून दुसरा आकडा छापतात. पहिल्या दिवशी २०५ वरून २४१ निघाली, ती उत्पादकाच्या आकड्याशी जुळली आणि माझा विश्वास बसला. बदलांनंतर २२१ वरून २६० निघते. म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना हातही लावलेला नसताना त्यांतली तूट ३६ वरून ३९ झाली. घर्षणाची तूट शक्तीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. हा दुसरा आकडा मोजलेला नसून गुणाकाराने मिळवलेला आहे. मी तो माझ्या कागदांवर खोडून टाकला आहे.

आता मत बदलण्याचे कारण सांगतो. ट्यूनिंगच्या दिवशी झालेले एक काम मी रागाच्या भरात विसरलो होतो. या इंजिनात व्हीटेक, म्हणजे झडपा उघडणारे कॅम बदलणारी होंडाची यंत्रणा, साधारण सहा हजार फेऱ्यांच्या आसपास खालच्या कॅमवरून वरच्या कॅमवर जाते. ट्यूनरने एक रन फक्त खालच्या कॅमवर आणि एक रन फक्त वरच्या कॅमवर घेतला आणि दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या. नव्या हेडरमुळे त्या पाच हजारांच्या थोड्या पुढेच एकमेकींना छेदत होत्या. तिथून सहा हजारांपर्यंत माझी गाडी दोनांपैकी कमी शक्तीच्या कॅमवर धावत होती. बदलाचा बिंदू छेदनबिंदूवर आणताच मधला खळगा भरून निघाला आणि चालवताना हा फरक मला त्या सोळा अश्वशक्तींपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. इथे तापमापक कुठे लोंबत होता, याने काहीच बिघडत नाही, कारण दोन्ही रन दहा मिनिटांच्या अंतराने, एकाच चुकीसकट घेतलेले होते. डायनोचा खरा उपयोग या कामात आहे आणि हे काम नुसते रस्त्यावर चालवून झाले नसते.

पाचव्या महिन्यातल्या तिसऱ्या चाचणीने तर माझा राग जवळजवळ पुसूनच टाकला. त्या दिवशी मी हट्ट धरला होता की इंजिनाच्या फेऱ्या रोलरच्या वेगावरून न काढता थेट इंजिनाकडून घ्याव्यात. शक्तीची रेषा ७,२०० च्या पुढे सपाट होऊन थरथरत होती आणि शिखर २१४ वरच थांबले. तंत्रज्ञाने, म्हणजे माझ्याशी भांडलेल्या त्याच माणसाने, न सांगता आणखी एक रेषा पडद्यावर आणली: इंजिनाच्या फेऱ्या भागिले रोलरचा वेग. एकाच गिअरमध्ये ही रेषा आडवी राहायला हवी. ती ७,२०० पर्यंत आडवी होती आणि मग हळूहळू वर चढत होती. इंजिन पुढे पळत होते आणि चाके मागे राहत होती. तो एवढेच म्हणाला, "क्लच सरकतोय, साहेब." रस्त्यावर मला याची पुसटशीही जाणीव झालेली नव्हती. फेऱ्या रोलरवरून काढल्या असत्या, तर ही रेषा कायम आडवीच दिसली असती आणि मी शक्ती कमी झाली म्हणून ट्यूनरला दोष देत बसलो असतो. क्लच प्लेट काढली तेव्हा ती रिव्हेटपर्यंत झिजत आलेली होती. ती जिच्यावर दाबली जाते ती तबकडी, म्हणजे फ्लायव्हील, मात्र अजून शाबूत होती. त्या एका रेषेने माझा फ्लायव्हीलचा खर्च वाचवला आणि इतक्या महिन्यांत रनवर घातलेल्या पैशांविषयीची माझी कुरकुर तिथे संपली.

बाकीच्या गोष्टी मी आता सवयीने लिहून ठेवतो: टायरमधली हवा, गाडी डायनोवर बांधायचे पट्टे किती आवळले आहेत, गिअर चौथाच आहे ना, बॉनेट उघडे की बंद, दोन रनमध्ये इंजिनाला किती वेळ थंड होऊ दिले. पट्टे जास्त आवळले की टायर रोलरवर जास्त दबतो आणि शक्ती तिथेच खर्च होते. हे फरक लहान आहेत, पण सात अश्वशक्तीवरून भांडलेल्या माणसाला ते लहान वाटत नाहीत.

आठव्या महिन्यात, नव्या क्लचला पुरेसे चालवून झाल्यावर, चौथी चाचणी झाली. तापमापकाचे टोक मी स्वतः इनटेकच्या तोंडापाशी चिकटपट्टीने लावले आणि तंत्रज्ञाने ते पाहून मान डोलावली. तीन रन झाले आणि तिन्हींच्या शिखरांत दोन अश्वशक्तींपेक्षा जास्त अंतर नव्हते. माझ्या विनंतीवरून कागदावर मोजलेला आकडा वर आणि दुरुस्त केलेला त्याखाली, दोन्ही सारख्याच ठळक अक्षरांत छापले आहेत: २१९, तापमान २७ अंश, गुणक १.००९, चाकांवर २२१ अश्वशक्ती.