बोसोलेय: वाजवणारा कोण, तालीम कोणाची?

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या बोसोलेय या केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच भाषकांच्या परंपरेतल्या, वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे गेले तीन आठवडे कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी वाजत आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या २००८ सालच्या जॅझ अँड हेरिटेज महोत्सवातले त्यांचे थेट ध्वनिमुद्रण, ज्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले, ऐकायला मी शेजारच्या काकांना बोलावले. काका हार्मोनियमची साथ करतात. पहिले गाणे संपायच्या आतच त्यांनी विचारले, "फिडल गोड आहे, पण हा शिकला कोणाकडं?" अल्लादिया खाँसाहेब जिथे राहिले, त्या गावात हा प्रश्न साहजिकच आहे. मात्र ज्या सशुल्क अॅपवर मी हे ऐकतो, तिथे वाद्यवृंदाचे नाव आणि मुखपृष्ठाचे चित्र यांपलीकडे काहीही नव्हते. पूर्वी कॅसेटच्या आतल्या कागदावर तबल्याला कोण होते एवढे तरी छापलेले असे.

म्हणून वादकांची पार्श्वभूमी इथेच सांगतो, कारण तिच्याशिवाय या वाद्यवृंदाचे मोल अर्धेच कळते. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवणारा आणि गाणारा मायकेल दुसे हा लाफायेतजवळच्या स्कॉट गावचा, जन्म १९५१ चा. १९७५ मध्ये बोसोलेयची सुरुवात झाली, आणि त्याच सुमारास सरकारी कला-अनुदान मिळाल्यावर दुसे गावोगावच्या जुन्या वादकांच्या दारी जाऊन शिकला. त्यांपैकी डेनिस मॅगी याने १९२९ मध्ये आमेदे आर्दवँ या कृष्णवर्णीय अकॉर्डियनवादकाबरोबर ध्वनिमुद्रण केले होते. दुसरा कॅनरे फॉन्टेनो, क्रिओल, म्हणजे लुइझियानातल्या कृष्णवर्णीय फ्रेंच भाषकांच्या, परंपरेतला. त्याने लहानपणी सिगारच्या खोक्याला दाराच्या जाळीची तार लावून स्वतःचे पहिले फिडल बनवले होते. तिसरा ड्युई बाल्फा. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानाच्या शाळांतून फ्रेंच हद्दपार केली, मुलांना त्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, आणि तरीही गाणी उरली ती या म्हाताऱ्यांच्या बोटांत आणि गळ्यांत. दुसेच्या फिडलमध्ये दोन तारा एकदम घासून येणारी जी खरखरीत गुंज आहे, ती त्या तालमीतून आलेली आहे. ध्वनिमुद्रण सफाईदार असूनही ती पुसली गेलेली नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते.

अकॉर्डियनवादक जिमी ब्रो ज्या ब्रो कुटुंबातला आहे, त्यातल्या क्लिओमा ब्रोची गिटार केजन संगीताच्या अगदी पहिल्या, १९२८ च्या ध्वनिमुद्रणात ऐकू येते. मायकेलचा भाऊ डेव्हिड याची गिटार मात्र नुसती साथीला बसत नाही, ती स्वतः चाल वाजवते. या संगीतात गिटारकडे एरवी ठेका धरण्याचेच काम असे. ड्रमवर टॉमी अलेसी आणि तालवाद्यांवर बिली वेअर आहेत. लोखंडी त्रिकोण हे या संगीताचे जुने तालवाद्य. तो पूर्वी गवत ओढायच्या दाताळ्याच्या दातांपासून घडवत. झांज आणि हलगीवर वाढलेल्या कोल्हापूरकराला त्याची सवय लागायला वेळ लागत नाही.

काकांची खरी चर्चा अकॉर्डियनवर रंगली. केजन अकॉर्डियनला दहाच बटणे असतात, आणि एकाच बटणावर भाता दाबताना एक सूर तर ओढताना दुसरा येतो. ढोबळमानाने दाबताना सा, ग, प आणि ओढताना रे, म, ध, नी. हे सांगितल्यावर काका थोडे थांबले आणि म्हणाले, "म्हणजे सरगम एका दमात होणारच नाही, प्रत्येक सुराला भात्याचा झटका." टू-स्टेप या नाचाच्या चालीतली उसळी नेमकी त्याच झटक्यातून येते.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. झायडेको हा लुइझियानातलाच दुसरा संगीतप्रकार ऐकण्याच्या अपेक्षेने कोणी हे घेतले, तर थोडी निराशा होईल. केजन संगीत हे १७५५ नंतर ब्रिटिशांनी अकेडियातून (आजच्या पूर्व कॅनडातून) हाकललेल्या फ्रेंच भाषकांच्या वंशजांचे. वाद्यवृंदाचे नावही त्यांच्या लढ्यातल्या जोसेफ ब्रूसार याच्या बोसोलेय या टोपणनावावरून घेतले आहे. झायडेको कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचे, ब्लूजच्या अंगाने जाणारे. त्यात पियानो-अकॉर्डियन आणि छातीवर अडकवून घासायचा पन्हळी पत्रा, म्हणजे फ्रोत्वार, ही दोन्ही मुख्य. तो पत्रा आजच्या रूपात क्लिफ्टन शेनिये याने १९४६ मध्ये घडवून घेतला. बोसोलेयने तिकडून बरेच घेतले आहे आणि ते कृतज्ञतेने घेतले आहे, पण ज्याला तो जोर हवा त्याने शेनियेचीच ध्वनिमुद्रणे शोधावीत. माझी दुसरी तक्रार ड्रमबद्दल आहे: वेगवान चालींत ते इतके पुढे येतात की त्रिकोण कान देऊन शोधावा लागतो.

घेणाऱ्याने थेट ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी आणि १९९८ चे ग्रॅमी मिळालेला संग्रह नंतर ऐकावा. शक्य असेल तर माहितीपत्रक असलेली सीडी मिळवावी, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. मीही तीच मागवली आहे. काकांनी आल्याबरोबर त्यातला कागद आधी आपल्याकडे द्यायला सांगितले आहे.