सुपारी घ्यावी की तिकीट लावावं? सांगली-मिरजेतल्या नव्या ऑर्केस्ट्रासाठी

कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक आणि एक बोलका निवेदक जमला की महिन्याभरात वाद सुरू होतो. जत्रांच्या सुपाऱ्या, म्हणजे ठरलेल्या रकमेवर कार्यक्रम, घ्यायच्या, की नाट्यगृह घेऊन तिकीट लावायचं? मी या भागात बारा वर्षं ऑर्केस्ट्रा चालवला. दोन्ही धंदे करून पाहिले आणि दोन्हीत हात पोळले, पण वेगवेगळ्या जागी.

सुपारीत गिऱ्हाईक एकच असतं, गावची कमिटी. स्टेज, मांडव, माणसं जमवणं हे सगळं त्यांच्याकडे. तुम्ही टेम्पोत सामान टाकून जायचं आणि वाजवायचं. माघापासून वैशाखापर्यंत आपल्याकडे गावागावांत यात्रा असतात. हनुमान जयंतीसारख्या तिथीला तर शेजारशेजारच्या चार गावांना एकाच रात्री कार्यक्रम हवा असतो, आणि त्या रात्री भाव तुम्ही सांगाल तो.

गोम आहे ती उरलेल्या पैशांत. समजा, सुपारी साठ हजारांची ठरली, इसार वीस हजार मिळाला आणि तुमचा खर्च पंचेचाळीस हजार. कागदावर पंधरा हजार सुटतात. पण कार्यक्रमानंतर वीसच हातात पडले आणि बाकीचे वीस ‘वर्गणी जमली की देतो’वर गेले, तर घरी येताना तुम्ही पाच हजारांनी बुडालेले असता. वादकांना मात्र त्याच रात्री द्यावे लागतात. नाही दिले, तर पुढच्या तारखेला ढोलकीवाला दुसऱ्या पार्टीत दिसतो.

त्यात दहाची वेळ. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, पण तुमच्या गावची यात्रा त्यात बसेलच असं नाही. एका गावात आम्ही सात वाजता साउंड लावून तयार होतो. पाहुणे साडेआठला आले, सत्कार सव्वानऊपर्यंत चालले, दहाला पोलिसांची गाडी आली. कमिटी म्हणाली, ‘तीन तास ठरले होते, तुम्ही पाऊण तास वाजवलं.’ तिसरा हिस्सा कापला. तेव्हापासून मी सुपारीच्या कागदावर एक ओळ लिहून घेत आलो: स्टेज आमच्या ताब्यात किती वाजता येणार. तारीख आणि रकमेइतकीच ती ओळ महत्त्वाची.

तिकिटाच्या बाजूला ही कटकट नाही. नाट्यगृह बंदिस्त, त्यामुळे दहाची अट तशी तिथे आडवी येत नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. त्यावर गेलात की अठरा टक्के. सांगलीत पाचशेच्या वर तिकीट लावायची हिंमत नव्या पार्टीने करूही नये. एक खर्च मात्र पोरं हमखास विसरतात. सिनेमातली गाणी तिकीट लावून गायची तर गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा, म्हणजे आयपीआरएसचा, परवाना लागतो. लग्नसमारंभातल्या गाण्याला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, तिकिटाच्या कार्यक्रमाला नाही.

आता खरा शत्रू: पास. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं, हे प्रत्येक कार्यक्रमात निवेदक सांगतोच. पण त्याच सांगलीत ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘पास आहे का?’ असा असतो. माझ्या मते यामागे नुसता कंजूषपणा नाही. मिरजेत दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मोठमोठे कलाकार गातात, पलीकडे सातारा जिल्ह्यात औंधचा संगीत महोत्सव 1940 पासूनचा. उत्तम गाणं फुकट ऐकायची सवय इथल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. कान तयार आहे, पण गाण्यासाठी खिशात हात घालायची सवय नाही.

हिशेब मांडून बघा. चारशे खुर्च्या, सरासरी तिकीट अडीचशे. भाडं, साउंड-लाइट, परवाना, पोस्टर, वादक असा खर्च पंच्याऐंशी हजार धरला, तर फिटंफाट व्हायलाच 340 तिकिटं विकावी लागतात. तुम्ही साठ पास वाटलेत, की शेवटची खुर्ची विकूनही नफा शून्य. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही टाका. पण पासांचा आकडा आधी टाका. प्रायोजक सराफाला किंवा पतसंस्थेला पास द्यावे लागत असतील, तर तेवढ्या खुर्च्यांचे पैसे त्याच्या रकमेत धरा.

मग तिकीट लावावंच का? कारण सुपारीत गाणी कमिटी ठरवते. बक्षिसं पुकारत, मध्येच सत्कार करत, त्याच दहा फर्माइशी प्रत्येक गावात वाजवाव्या लागतात आणि तुमच्या पार्टीचं नावही कुणाच्या लक्षात राहत नाही. तिकीट काढून आलेला माणूस तुमच्यासाठी आलेला असतो. बुकिंगला घेतलेले त्याचे फोन नंबर पुढच्या कार्यक्रमाला कामाला येतात. आणि पैसे कार्यक्रमाआधी हातात असतात, ही गोष्ट उधारी वसूल करायला एकदा फिरल्याशिवाय कळत नाही.

तमाशाच्या फडांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. यात्रेच्या हंगामात सुपारी, एरवी तंबू आणि तिकीट. तमाशातल्या काळू-बाळू जोडीचं कवलापूर सांगलीच्या उंबऱ्यावरच आहे. पण फडाचं पोट शंभर माणसांचं. तुमचं आठ जणांचं आहे, तुम्हाला तंबूची घाई नाही.

कर्ज काढून साउंड घेतला असेल, तर पहिली दोन वर्षं सुपारीच घ्या. निम्मा इसार आणि उरलेले स्टेजवर चढायच्या आधी, या अटीवर. दोन गावं सुटतील, सुटू द्या. साउंड भाड्याचा असेल आणि तुमच्याकडे एखाद्या विषयावरचा दोन तासांचा घट्ट कार्यक्रम असेल, तर वर्षात एक तिकीट प्रयोग जरूर लावा. आषाढापासून भाद्रपदापर्यंत नको, 2019 आणि 2021 चं कृष्णेचं पाणी सांगलीकर विसरलेले नाहीत, आणि गणपतीत कुणी तिकीट काढत नाही. दिवाळीनंतर, यात्रा सुरू व्हायच्या आधी बघा. रविवारची संध्याकाळ नाटकवाल्यांनी धरलेली असते, तेव्हा शनिवार मागा, आणि भाडं विचारताना साउंड तपासायला सकाळचे तास त्यातच मिळतात का, तेही विचारून घ्या.