रॉयल ऑपेरा हाउस: गिरगावातलं जुनं थिएटर, नवा गिलावा

1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, 1935 नंतर मुख्यतः सिनेमा, 1993 च्या सुमारास कुलूप आणि ऑक्टोबर 2016 मध्ये मामी या मुंबईच्या चित्रपट महोत्सवाने पुन्हा पडदा वर. मालकी 1952 पासून गोंडल राजघराण्याकडे, जीर्णोद्धार वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांचा. 2017 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

आत गेल्यावर आधी वर पाहा. घुमटाच्या आठ भागांत कवी-नाटककार आहेत. अशा छताचा खरा शत्रू गळती. ओल शिरली की क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यावर सिमेंट थापलं तर ओल आतच कोंडते, शेजारचं जुनं नक्षीकामही सुटू लागतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी छप्पर, मग भिंती वाळू देणं, मग चुन्याचा गिलावा, सोनेरी काम अगदी शेवटी. घाई केली की दोन पावसाळ्यांत डाग. सिनेमाच्या काळात गेलेले रंगमंचालगतचे बॉक्सही (खासगी बैठकीचे छोटे सज्जे) पुन्हा उभारले आहेत. दिसायला झकास, पण बसायला नव्हेत, तिथून पडदा तिरपाच दिसणार.

खुर्च्या सुमारे 575. सिनेमासाठी तळमजल्याची मधली रांग घ्या. वरच्या बाल्कनीतून मान खाली घालूनच बघावं लागतं. गाण्याच्या मैफलीला मात्र तीच जागा बरी. रोजचे खेळ नसतात, कार्यक्रम पाहूनच निघा. चर्नी रोडहून चालत या. गाडी आणलीत तर पार्किंग शोधण्यातच पहिला अंक संपेल.