सात डायमंड पॅडचा सेट, सिमेंटच्या टीपॉयवर वापरून बघितला: साडेतीन स्टार

आधीच सांगतो मी काय मिस्त्री नाही, नोकरी खुर्चीतली आहे आणि रविवार मोकळा असतो म्हणून हे उद्योग. गच्चीवर सिमेंटचा टीपॉय ओतला आणि त्याला पॉलिश मारायला हा सेट ऑनलाइन मागवला, ग्रायंडरला लावून घासायच्या हिऱ्याच्या कणांच्या चकत्या, ४ इंची, मागं वेल्क्रो, वर पाणी सोडत वापरायचे. ५०, १००, २००, ४००, ८००, १५०० आणि ३००० नंबरचे सात पॅड (नंबर लहान तेवढा पॅड खरखरीत) आणि एक रबरी बॅकर, म्हणजे मशीनला लावून ज्यावर पॅड चिकटवायचा ती चकती, मला सगळं मिळून १,१८० ला पडलं. नाव देत नाही कारण असले सेट दहा नावांनी विकायला आहेत आणि फोटो सगळ्यांचा एकच.

टीपॉयचं थोडक्यात सांगतो म्हणजे पॅडवर किती काम पडलं ते कळेल. वरचा तुकडा साडेतीन फूट बाय दोन फूट, दीड इंच जाड. सनमायका लावलेल्या प्लायचा साचा, कोपऱ्यात सिलिकॉन, आत तेलाचा हात, आणि उलटा ओतलेला म्हणजे तळाची बाजू नंतर वरची होते. माल १ सिमेंट, दीड क्रश सँड, दीड चिप म्हणजे दगडाचे बारीक खडे. सिमेंट निम्मं पांढरं निम्मं साधं, सगळं मिळून १३-१४ किलो लागलं, पाणी साडेपाच लिटरच्या आत ठेवलं आणि बाकीची ढिलाई प्लास्टिसायझरवर (कमी पाण्यात माल पातळ करणारं रसायन) काढली, कारण पाणी जास्त झालं की माल छान वाहतो पण नंतर पृष्ठभाग पावडरीसारखा सुटतो, त्याला कितीही भारी पॅड लावा चमक येत नाही. मधे वेल्डमेश म्हणजे लोखंडी जाळी. चिप मोझॅकवाल्यांकडची पांढरी आणि काळी मिक्स. वजन म्हणाल तर साठ किलोच्या आसपास, हा आकडा लक्षात ठेवा शेवटी लागणार आहे.

आता पार्सल. पॅड ठीक होते, गडबड बॅकरमध्ये. आपल्याकडच्या ४ इंची ग्रायंडरचा स्पिंडल, म्हणजे चकती बसते तो आट्याचा दांडा, एम १० (१० मिमी) असतो आणि आलेला बॅकर एम १४ चा. लिस्टिंगमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलंय म्हणे, मी काय वाचलं नव्हतं. आपण कोल्हापुरात आहोत म्हणून निभावलं, उद्यमनगरात एका लेथवाल्याला दोन्ही दाखवलं, त्यानं समोरचा चहा यायच्या आत अडॅप्टर करून दिला, १५० रुपये. पण हे ज्याच्या जवळ लेथ नाही त्यानं काय करायचं? बॅकर घेताना आधी स्वतःच्या मशीनचा आकडा बघा एवढंच.

पहिली चूक माझी. पाचव्या दिवशीच ५० नंबर लावला, वाटलं वरून तर दगडासारखा झालाय. दहा मिनिटात चिपांचे खडे बोर निघाल्यासारखे जागेवरून उपटून यायला लागले, जिथं खडा तिथं खड्डा. माल आतून कच्चा होता. परत गोणपाट घातलं, सकाळ संध्याकाळ पाणी मारलं आणि पुढचे दहा दिवस हात लावला नाही. त्यानंतर तोच पॅड त्याच जागी फिरवला तर खडा न उपटता सपाट कापला जायला लागला.

दुसरी चूकपण माझीच पण अर्धी विकणाऱ्याची. साधा ग्रायंडर ११,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास पळतो आणि पॅडच्या पाठीवर छापलंय कमाल ४,५००. हे लिस्टिंगवर कुठंच नव्हतं, उलट फोटोत पॅड साध्या ग्रायंडरलाच लावलेला दाखवलाय! मी आपला लावला आणि चालू केला. मिनिटभर मस्त चाललं, मग जळका वास आला, वेल्क्रोचा गोंद वितळला आणि १०० नंबरचा पॅड सुटून थेट पाण्याच्या टाकीवर आपटला. समोर माणूस असता तर? त्या दिवशी काम बंद.

मग ओळखीतल्या किचन ओट्याचं ग्रॅनाइट बसवणाऱ्या मामांकडं गेलो. त्यांनी जळलेला वेल्क्रो बघितला आणि हसून म्हणाले, “साहेब, ह्याला पळवायचं नसतंय, चालवायचं असतंय.” त्यांचा स्पीड कंट्रोलवाला पॉलिशर दोन दिवसांसाठी दिला, मधून पाण्याची बारीक नळी जोडलेला, वर एक जादा १०० नंबरपण दिला. त्याचा स्पिंडल एम १४, म्हणजे माझा दीडशेचा अडॅप्टर आता पडून आहे. पाणी आणि करंट एकत्र आहे हे विसरू नका, घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर हे काम करूच नका, आणि पायात रबरी बूट. कोरडं घासायचा मोह पण टाळा, सिमेंट वाळूची ती धूळ छातीत बसते, सिलिकोसिस त्यानंच होतो, ओल्यात धूळ फारच कमी उडते.

तर स्पीड कमी केल्यावर पॅडचा खरा अंदाज आला आणि इथून पुढं कौतुक. ५० नंबर लय भारी. वरची सिमेंटची साय निघून खालची चिप उघडी व्हायला दीड तास लागला पण काय दिसतं राव, आधी नुसता राखाडी पाटा आणि मग एकेक पांढरा काळा ठिपका वर येतो, पाण्याचा मग ओतला की सगळा टीपॉय एकदम उजळतो. लहानपणी घरी मोझॅकला पॉलिश करायला माणूस यायचा तेव्हा घरभर राखाडी रबडी असायची आणि आम्हाला पाय ठेवायची बंदी, ते आठवलं. ती रबडी गच्चीच्या पाइपात सोडू नका बरं, आत बसून दगड होते. बादलीत जमवून निवळू द्या आणि वरचं पाणी ओता.

एक युक्ती मामांनी सांगितली ती या सेटच्या कागदावर पाहिजे होती. प्रत्येक नंबर बदलायच्या आधी सगळ्या पाट्यावर पेन्सिलीनं आडव्या तिडव्या रेघा मारायच्या, रेघा सगळीकडनं गेल्या की तो नंबर झाला. मी शहाणपणा करून १०० वरनं थेट ४०० वर गेलो होतो, ओल्यात काही दिसलं नाही, वाळल्यावर मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तर सगळीकडं गोल गोल ओरखडे, शेणानं सारवल्यावर बोटं उमटतात तसे. परत २०० वर यावं लागलं. १०० झाल्यावर बारीक भोकं आणि ते उपटलेल्या खड्यांचे खड्डे त्याच मिश्र सिमेंटच्या घट्ट लेपानं भरून घ्या, दोन तीन दिवस पाणी द्या आणि मग पुढं जा, अगदी शेवटी भरलं तर ते वेगळं दिसतं.

तक्रार वरच्या नंबरांची. ८००, १५००, ३००० चे पॅड वाईट नाहीत, उरलेला माल एका डब्यात ओतून नमुना केला होता त्यावर ३००० पर्यंत गेलो तर ट्यूबलाइट दिसायला लागली त्यात. पण ८०० चा पॅड लाल रंगाचा आहे आणि पाणी थोडं कमी पडलं की पांढऱ्या सिमेंटवर गुलाबी छटा सोडतो, ती काढायला परत ४००. आणि मुख्य म्हणजे टीपॉयवर जेवणखाण होणार असेल तर वर सीलर लागतोच, आणि आरशासारख्या गुळगुळीत अंगावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलर धरत नाही, नमुन्याच्या ३००० वाल्या भागावरनं तो नखानं सालीसारखा निघाला. ४०० वाल्या भागावर चिकटून बसला. म्हणजे सातातले चारच पॅड माझ्या कामाचे आणि पैसे सातांचे.

सीलर का लागतो तेपण सांगतो. त्याच नमुन्यावर एक कोपरा उघडा ठेवला होता, त्यावर आणि सीलर लावलेल्या भागावर ओली हळद, लिंबाची फोड आणि चहा असं रात्रभर ठेवलं. सकाळी उघड्या कोपऱ्यात हळद लालभडक झालेली, सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो ना, हळदीत चुना घातला की कुंकू होतं तेच झालं. आई बघून म्हणाली, “आता ह्याची पूजाच कर की.” लिंबाच्या जागी चमक गेली आणि हाताला खरखरीत लागायला लागलं, आम्ल सिमेंट खातं, ते पुसून जात नाही. सीलरवाल्या बाजूला चहाचं कडं पुसून गेलं, हळदीचा पिवळा डाग राहिला होता तो दोन दिवस उन्हात ठेवल्यावर गेला, लिंबानं काही केलं नाही. मोठ्या टीपॉयला ४०० वर थांबून सीलरचे दोन हात मारले, चमक मंद आहे, जुन्या कोबा घोटलेल्या जमिनीसारखी, मला तीच आवडली.

टिकाऊपणाचं म्हणाल तर एवढ्या एका टीपॉयवर ५० नंबरची नक्षी निम्मी झिजलीय, २०० आणि ४०० अजून नवे वाटतात. स्पीड कंट्रोलचं मशीन असेल किंवा मागून आणता येत असेल तर घ्या, नुसता साधा ग्रायंडर असेल तर अजिबात घेऊ नका. एक स्टार आरपीएम लपवल्याबद्दल कापला, अर्धा बॅकरचा. पुढच्या वेळी मी सुटे घेणार, ५० चे दोन आणि १००, २००, ४०० एकेक.

टीपॉय अजून गच्चीवरच आहे. साठ किलोचा तुकडा आमच्या जिन्याच्या वळणावरनं खाली आणायला चार माणसं लागणार आणि हे मी ओतायच्या आधी मोजलं नव्हतं, सध्या त्यावर आईचे सांडगे वाळतायत.