स्पीकरला साधी ऑडिओ वायर बरी की ऑप्टिकल?

गावच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं ऐकून, कापून नीट करायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे कॉम्प्युटरमागच्या हिरव्या भोकातून ३.५ मिमीची वायर काढावी की शेजारच्या चौकोनी ऑप्टिकलमधून (म्हणजे आवाज उजेडातून नेणारी वायर), हा प्रश्न मला टाळता आला नाही. सहा वर्षं हिरव्यावर काढली, आता दोन वर्षं ऑप्टिकलवर आहे.

आवाजाच्या दर्जाचं म्हणाल, तर माझ्या कानाला दोघांत फरक लागला नाही. मार्चपासून डोक्याशी कूलर चालू असतो, त्यात तो लागणारही नाही. शांत खोलीत, भारी स्पीकरवर कोणाला लागत असेल तर मी वाद घालणार नाही.

मला छळलं ते भणभणीनं. खंजिरीचा ठेका थांबतो, गाणारा श्वास घेतो आणि त्या मोकळ्या जागेत स्पीकर घूंऽऽ करत राहतो. ही घूं रेकॉर्डिंगमधली की स्पीकरची, तेच कळेना. एकदा ती काढायला फिल्टर लावला आणि पेटीचा खर्ज पातळ करून टाकला. मंडळातल्या म्हाताऱ्या बुवांनी लगेच विचारलं, ‘पेटी बदलली का?’ ते फार लागलं मनाला.

अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, तिथून कारण सापडलं. कॉम्प्युटरच्या सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतोच. त्यानं अर्थिंगमधून जावं अशी सोय असते. आमची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, अर्थिंग कमजोर पडतं, मग तो करंट ऑडिओ वायरच्या जाळीतून स्पीकरकडे वाट काढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं की भणभण कमी व्हायची, तीन-चार दिवसांनी पुन्हा सुरू. मला एवढा पुरावा पुरला.

मधे ग्राउंड लूप आयसोलेटरची, म्हणजे ऑडिओ वायरीत बसवून असा करंट अडवणारी डबीही लावून पाहिली. घूं गेली, पण ढोलकीचा धुमाही अर्धा गेला. चांगल्या डबीत असं होत नसावं. मला मिळाली ती स्वस्तातली होती.

ऑप्टिकलमध्ये प्लास्टिकच्या तंतूतून नुसता उजेड जातो. दोन यंत्रांमध्ये धातूच नाही, म्हणून करंटला या वायरीतून वाटच उरत नाही. लावली त्या रात्री भजन थांबवलं आणि पहिल्यांदा खोलीतली शांतता ऐकली. कूलर सुरू होतानाची टक्क मात्र अधूनमधून येते. ती स्पीकरच्या स्वतःच्या प्लगमधून येत असावी. यूएसबीनं जोडलं तर आवाज डिजिटलच जातो, पण तांब्याची तार दोघांना जोडलेलीच राहते.

ऑप्टिकलच्या खोडीही आहेत. स्पीकरला ते तोंड असावं लागतं, लॅपटॉपला बहुधा नसतंच. वायर फार मुरडली तर कामातून जाते आणि तालुक्याच्या बाजारात दुसरी मिळेलच असं नाही. माझा स्पीकर थोडा वेळ शांत राहिला की पुढच्या गाण्याचा पहिला शब्द खातो. साधी वायर तुटली तर डाग देऊन तासाभरात चालू करता येते, मोबाईललाही लागते. फक्त गाणी ऐकायची असतील आणि घरचं अर्थिंग बारमाही चांगलं असेल, तर तीच ठेवा, खर्च कशाला? पण आवाजाचं बारीक काम करत असाल आणि उन्हाळ्यात स्पीकर भणभणत असेल, तर नवा स्पीकर घेताना मी तरी चौकोनी तोंड आहे का ते आधी बघेन.

कॅबिनेटच्या झिणझिण्या ऑप्टिकलनं जात नाहीत, त्यासाठी वायरमनच बोलवावा लागतो. आमच्याकडे मागच्या दिवाळीनंतर खड्डा नव्यानं केला. झिणझिण्या थांबल्या. एप्रिलमध्ये मुद्दाम जुनी वायर लावून पाहिली, तर बारीकशी घूं पुन्हा होतीच. त्याच संध्याकाळी ऑप्टिकल परत जोडली.