हेल्मेट इंटरकॉमची जोडी: एक पावसाळा घाटात वापरल्यानंतर

पावसाळा सरत आला आणि दोन बाइकस्वारांना चालत्या गाडीवर एकमेकांशी बोलता यावं म्हणून हेल्मेटला लावायच्या इंटरकॉमच्या जोडीतला एक नग चार्ज होईना. केबल बदलली, चार्जर बदलला, तरी लाल दिवा लागायचा आणि लगेच विझायचा. टॉर्च मारून पोर्टमध्ये पाहिलं तर मधल्या पट्टीवरच्या पिनांवर हिरवट थर. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एका ओळीचं: पाणी शिरलंय, वॉरंटीत बसत नाही, पोर्ट मुख्य बोर्डावरच आहे, त्यामुळे अख्खा नग घ्यावा लागेल. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत आयपी-६७, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

आयपी-६७ मधला ६ धुळीचा आणि ७ पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोल, स्थिर, गोड्या पाण्यात ३० मिनिटं. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, तिचे आकडे ५ आणि ६. ७ मिळालं म्हणून ५-६ आपोआप मिळत नाही. ताम्हिणी घाटाच्या पावसात गाडी चालवताना इंटरकॉमवर जे पाणी आदळतं ते फवाऱ्याच्या जातीचं असतं, बादलीतलं नव्हे. शिवाय चाचणी होते ती नव्या, झाकण घट्ट लावलेल्या नगाची.

खरा घोळ त्या झाकणातच आहे. नखाएवढं रबर, एका बारीक शेपटीने बॉडीला अडकवलेलं, टाइप-सी पोर्टवर दाबून बसवायचं. पोर्ट नगाच्या खालच्या कडेला आहे. हेल्मेटवरून ओघळणारं पाणी त्याच कडेला येऊन थेंब धरतं, म्हणजे पाऊस थांबल्यावरही पोर्टखाली पाणी लोंबकळतच असतं. रोजच्या उघडझाकीने शेपटी ताणली जाते, झाकणाची एक बाजू केसभर वर राहते आणि तेवढी फट पुरते. नुसत्या ओलाव्याने पोर्ट लगेच मरत नाही. ओला असताना केबल लावली की पिनांमधल्या पाण्यातून प्रवाह वाहतो, धातू झिजतो आणि तो हिरवा थर चढतो. मुक्कामी पोचल्या पोचल्या चार्जिंगला लावण्याची सवय इथे महागात पडते.

हे झाकण सुटं मिळत नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दोन-चार रुपयांच्या रबरापायी हजारोंचा नग भंगारात काढायचा! तोवर दुसऱ्या नगावर केलेला उपाय असा: डिस्क ब्रेकच्या कॅलिपर पिनांना लावतात ते सिलिकॉन ग्रीस घ्यायचं. काडीच्या टोकावर मोहरीएवढं पुरे. ते झाकणाच्या आतल्या ओठाला गोल फिरवून लावायचं, पोर्टच्या आत अजिबात जाऊ द्यायचं नाही. साधं पिवळं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. शेपटी तुटलीच तर मोबाईलच्या दुकानात टाइप-सीचे सिलिकॉनचे डस्ट प्लग मिळतात, त्याची मूठ कापून बसवायचा. मुक्कामाला नग हेल्मेटवरच्या क्लॅम्पवरून काढायचा, पुसायचा, पोर्ट खाली करून झटकायचा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवायचा. चार्जिंग सकाळी. हेअर ड्रायर नको, उष्णतेने बॅटरी आणि आतला गोंद दोन्ही खराब होतात. हिरवा थर नुकताच धरत असेल तर नग बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने निघतो. खोल गेला असेल तर नाही.

आता रेंज. सुरुवातीला माझं मत होतं की घाटात ही वस्तू निकामी आहे. खोक्यावरचा आकडा मोकळ्या, सपाट जागेचा असतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि समोरासमोर दिसण्यावर बरंच अवलंबून असतं. मध्ये डोंगराची सोंड आली की आवाज तुटतो. ताम्हिणीत सोबती दोन वळणं पुढे गेला की खरखर, तिसऱ्या वळणाला शांतता. आंबेनळीत, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना, तर वळणावर वळणं असल्याने त्याच्याही आधी.

हे मत मी बदललं आहे. आवाज तुटला म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर नको तेवढं वाढलं, इतका सरळ अर्थ लावला की तोच दोष कामाचा ठरतो. पुढच्याने वेग कमी करायचा आणि वळणावर नाही, तर पुढे मागच्यांना लांबून दिसेल अशा रुंद जागी थांबायचं. नग आपोआप जोडला जाणारा हवा. दर वेळी बटण दाबावं लागत असेल तर ओल्या ग्लोव्हजमध्ये ते जमत नाही, आणि हात हँडलवरच हवा. आणखी एक: नग डाव्या बाजूला असतो आणि आपलं डोकंही सिग्नल अडवतं.  आंधळ्या वळणावर दोघांनीही मध्यरेषेपासून लांब राहायचं. ताम्हिणीत मोबाईलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते, तिथे या जोडीला टॉवर लागत नाही ही मोठी सोय.

आवाजावर चालू होणारा माइक पहिलं अक्षर खातो. ‘खडी’ म्हटलं की मागच्याला नुसतं ‘डी’ पोचतं. म्हणून आधी ‘ऐक’ म्हणायचं, मग निरोप: ‘ऐक, खडी, डावीकडे.’ ‘ऐक, एसटी खाली येतेय.’ ‘ऐक, डिझेल सांडलंय, वळणाच्या आत.’ वस्तू आधी, जागा नंतर. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा अरुंद घाटरस्त्याचा नियम आहे. उतरताना पुढच्याने ‘ट्रक चढतोय’ एवढं वेळेवर सांगितलं की मागच्याला जागा बघून थांबता येतं. धुक्यात पुढच्याचा टेललाइट दिसेनासा होतो, तेव्हा याच एका कामासाठी जोडीचे पैसे वसूल होतात. गाणी घाटात बंदच ठेवा, निरोपाची सुरुवात त्यातच बुडते.

बसवताना स्पीकर कानाच्या भोकासमोर आला पाहिजे. बोटभर मागे सरकला तरी आवाज एकदम कमी होतो आणि माणूस उगाच व्हॉल्यूम वाढवत बसतो. हेल्मेट घालून, आवाज चालू ठेवून, वेल्क्रोवर सरकवत जागा शोधा. कानाची खोबण उथळ असेल तर पातळ स्पीकर घ्या. आतलं थर्माकोल कोरू नका, आघात तेच झेलतं. फुल-फेसला हनुवटीपाशी चिकटणारा बटण माइक, मॉड्युलरला (हनुवटीचा भाग वर उचलता येतो त्या हेल्मेटला) दांडीचा. हनुवटीखालचा पडदा लावला की हायवेवरची वाऱ्याची घरघर बरीच कमी होते. घाटातल्या ३०-४० च्या वेगाला तो प्रश्नच येत नाही, त्यामुळे नॉइज कॅन्सलेशनसाठी (माइकमधली घरघर गाळण्यासाठी) जास्त पैसे मोजायचे तर ते ताम्हिणी उतरून माणगावनंतर मुंबई-गोवा महामार्ग धरणाऱ्यांनी मोजावेत.

दोघांपुरतं असेल तर महागडा मेश संच नको, साधं ब्लूटूथ पुरे. मेशचा खरा उपयोग चार-पाच गाड्या असताना, मधली गाडी निरोप पुढे सरकवते तेव्हा. वाचलेल्या पैशांत चांगला रेनकोट येतो. दुकानात मात्र झाकण पाच-सहा वेळा उघडझाक करून चारही कडा सपाट बसतात का ते नखाने चाचपा आणि सुटं झाकण मिळतं का हे बिल होण्याआधी विचारा. जुना संच घेत असाल तर टॉर्च मारून पोर्ट बघा, मग केबल लावून पाच मिनिटं दिवा टिकतो का ते बघा. पिनांवर हिरवट दिसलं तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.