लाँग रनला खिशात काय न्यायचं: खजूर की जेल?

पहिल्या हाफ (२१ किमी) किंवा फुल (४२ किमी) मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की हा प्रश्न येतोच. जेल म्हणजे पळताना पाकिटातून पिळून घ्यायचं गोड, घट्ट एनर्जी जेल. आधी एक बघा: तुम्ही किती वेळ पळणार आहात? तासा-सव्वा तासात घरी परतणार असाल तर दोन्ही नको. निघण्यापूर्वी एक केळं आणि वाटेत पाणी, एवढं पुरतं. त्यापुढे मात्र शरीरात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, कमी होत जातो आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) पोटात जायला हवेत.

खजुरात शंभर ग्रॅमला साधारण ७५ ग्रॅम कार्ब असतात. तासाला ४५ ग्रॅम घ्यायचे ठरवले तर ६० ग्रॅम खजूर, म्हणजे नेहमीचे लहान सात-आठ नग. जेलच्या एका पाकिटात बहुधा २० ते २५ ग्रॅम, म्हणजे तेवढ्यासाठी दोन पाकिटं. पैशांचा विचार केला तर खजूरच जिंकतो. दर रविवारी जेल घेणं बहुतेकांना परवडणारं नाही, आणि तशी गरजही नाही.

"जेल म्हणजे केमिकल" ही भीती मात्र मला पटत नाही. त्यात मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेलं, पोटात ग्लुकोज होणारं कार्ब असतं, आणि बऱ्याच जेलमध्ये फ्रुक्टोजही. खजुराची साखरही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचीच. खरा फरक दोनच गोष्टींत आहे: चोथा आणि चावणं. ६० ग्रॅम खजुराबरोबर चार-पाच ग्रॅम चोथा पोटात जातो. एरवी तो चांगलाच, पण पळताना पोटाकडचा रक्तपुरवठा घटलेला असतो. काहींना काहीच होत नाही, काहींना मुरडा येतो.

चावण्याचं तर मी स्वतः अनुभवलंय. सव्वीस किलोमीटर झाल्यावर तोंड कोरडं पडलं होतं. खजूर नुसता घोळत राहिला, गिळवेना. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना धाप लागलेली असते, तिथे चावत बसणं कठीणच. मुंबई मॅरेथॉनच्या फुलमध्ये परतीच्या पेडर रोडच्या चढावरही तेच. अशा ठिकाणी जेल एका घोटात जातं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण साधं जेल घट्ट असतं, त्यावर चार-पाच घोट पाणी हवंच, आणि तेही साधं. वर गोड एनर्जी ड्रिंक प्यायलात तर पोटात साखर दाटते आणि मळमळतं. शिवाय पाकिटावर कॅफिन लिहिलंय का ते वाचा. चहा-कॉफीने धडधडणाऱ्यांनी ते टाळावं.

मिठाच्या बाबतीत खजुराचा काही उपयोग नाही, त्यात सोडियम जवळजवळ नसतंच. जेलमध्ये असतं, पण कमी-जास्त. आपल्याकडच्या दमट हवेत तीन-चार तास पळायचं असेल तर मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस वेगळं हवं. तहान नसताना नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम घसरतं.

शेंगदाण्याची चिक्की अनेक जण नेतात. मला ती फार आवडते, पण पळून झाल्यावर. दाण्यातल्या तेलामुळे ती पोटात रेंगाळते.

तर मी काय निवडेन? सरावाला आणि हाफला खजूर. फुलला पहिल्या वीसेक किलोमीटरपर्यंत खजूर, पुढे दर अर्ध्या-पाऊण तासाने जेल. वाट लागल्यासारखं वाटेपर्यंत थांबायचं नाही, पहिला घास पाऊण तासाच्या आतच. शर्यतीत घेणार तेच जेल आधी तीन-चार लाँग रनला घेऊन बघा, पोटालाही सराव लागतो. मधुमेह असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

खजूर नेणार असाल तर बिया आदल्या रात्रीच काढा, प्रत्येकाचे दोन तुकडे करा आणि छोट्या झिपच्या पिशवीत भरा. ती पिशवी घामेजल्या बोटांनी उघडते का, तेही घरीच बघून ठेवा.